टोपी ठेवा, किताब न्या

नांदेडच्या विद्यापीठात माझी नात एम.एस्सी. करते. मागल्या उन्हाळ्यात मी लातूरहून तिच्याकडं राहायला गेले होते. एका दुपारी म्हणाली, "आजी, चल, आमची सायन्सची लायब्ररी दाखवते. आत एसी आहे, तेवढंच गार वाटंल तुला." मला पुस्तकांचं वेड, हे घरात सगळ्यांना ठाऊक. शाळा तिसरीपर्यंत, पण वाचायला बसले की दूध उतू गेलेलं कळत नाही. गेले तिच्याबरोबर. दारातच टेबलाशी एक पोरगी बसलेली. तिनं माझी पिशवी मागून घेतली, मागच्या फळीवर ठेवली आणि हातात प्लास्टिकचा एक बिल्ला दिला. "जाताना बिल्ला द्या, पिशवी न्या."

मी जागची हलेना. नात म्हणते, "अगं चल ना! पिशवीत काय सोनं हाय का?"

सोनं कसलं? चष्म्याचं घर आणि लवंगा. पण त्या फळीवर ओळीनं ठेवलेल्या पिशव्या बघितल्या आणि मला टोप्या दिसल्या. काळ्या, लाल, पांढऱ्या. त्यातली एक माझ्या हातचं ठिगळ लावलेली.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, लिहून काढ. म्हणून बसले. मला काय, बोलल्यासारखंच लिहिता येतं, सांभाळून घ्या.

त्या टोप्या ज्याच्या फळीवर असायच्या, त्या माणसाचं नाव किशनराव. आम्ही मोहतमिमकाका म्हणायचो. मोहतमिम म्हणजे सांभाळणारा, बघणारा. निजामाच्या राज्यात लायब्ररीला कुतुबखाना म्हणायचे आणि तो ज्याच्या ताब्यात, तो मोहतमिम. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा आमचे हे तिथल्या सरकारी हायस्कुलात सायन्सचे मास्तर होते. शाळेत सगळं उर्दूतून. दोन वायू मिळून पाणी होतं, हेसुद्धा पोरं उर्दूतूनच घोकायची आणि घरी येऊन आईला मराठीतून पाणी मागायची. शाळेच्या मागं आमचं क्वार्टर, आणि आमच्या अंगणाच्या भिंतीला लागूनच सायन्सच्या कुतुबखान्याची मागची खिडकी. खिडकीला गज, गजाच्या आत काका. माझी त्यांची ओळख ती अशी. चार वर्षं मी त्या माणसाला बहुतेक खिडकीतूनच बघितलं.

मूळचे बिलोलीकडचे, म्हणून बोलण्यात मधूनच तेलुगू यायचं. राग आला की पुरतंच तेलुगू. बायको लवकर गेली, लेकरू नाही. अंगानं धिप्पाड, आणि डोकं म्हणाल तर हे एवढं मोठं! नदीकाठच्या वाडीतलं कलिंगड. त्याच्यावर केस म्हणाल तर शपथेला नाही. त्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायचे. आताचा नाक पुसायचा नव्हे. हातानं गुंडाळून बांधायचा, पागोट्यासारखा. त्यांच्या मापाची तयार टोपी अख्ख्या नांदेडात मिळत नाही, असं पोरं म्हणायची, आणि ते खरंही होतं.

त्यांच्याकडं रजिस्टर नव्हतं. म्हणजे सरकारनं दिलेलं एक होतं जाडजूड, त्याच्यावर ते चहाचा गिलास ठेवायचे. म्हणायचे, "कागदाचं काय, लिहिणाऱ्याचा ताबेदार. उद्या मी लिहीन, किताब दिलीच न्हाई. झालं! टोपीला असं करता येत न्हाई."

त्यांचा कायदा असा. पुस्तक पाहिजे? टोपी काढ. पुस्तक निघालं की फळीवर फट पडते, त्या फटीत आपली टोपी ठेव. पुस्तक आणून दिलंस की टोपी उचल. मग तू तिथं टेबलाशी बसून वाच नाहीतर घरी ने. फळीकडं नुसतं बघितलं की कळायचं, कुठलं पुस्तक कुणाकडं आहे. सगळ्यांच्या टोप्या सगळ्यांना ओळखू यायच्या. एकेकाची एकच तर असायची.

आताच्या पोरांना ह्यात काय एवढं वाटणार नाही. पण त्या वेळी उघड्या डोक्यानं रस्त्यानं जाणं म्हणजे घरात कुणी गेल्याची खूण. लोक थांबवून विचारायचे, "कोण गेलं रे?" म्हणून पोरं पुस्तक घरी न्यायची ती अंधार बघून, आणि सकाळी पळत आणून द्यायची. पुस्तक हरवलं, पान फाटलं, असं त्या कुतुबखान्यात कधी घडलंच नाही. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर काका त्या पोराचा कान तेवढाच दुमडायचे. म्हणायचे, "दुखलं? तिलाबी दुखतं."

आणि कायदा स्वतःलाही. काका वाचायला बसले की त्यांचा रुमाल सुटून, घडी होऊन फळीवर बसायचा आणि त्या मोठ्या टकलावर खिडकीतलं ऊन चमकायचं.

एका मौलवीसाहेबांनी एकदा विचारलं होतं की, इल्मासमोर, म्हणजे ज्ञानासमोर उघडं डोकं, ही बेअदबी नाही का? काका म्हणाले, "मौलाना, पोथी डोकं झाकून वाचावी. तुमची असो, आमची असो. पण ही सायन्सची किताब डोकं उघडं ठेवूनच वाचावी. हिला हवा लागती." मौलवीसाहेब हसले आणि आपली टोपी काढून ताऱ्यांवरचं पुस्तक घेऊन बसले. मी बघितलंय.

शाळेत हेडमास्तरांची खोली होती, प्रयोगशाळा होती, मैदान होतं. पण शाळेचा जीव त्या खोलीत होता. पोरांची भांडणं तिथं मिटायची. पालीची तुटलेली शेपटी परत येते का, वीज पडून मेलेल्या बैलाचं रक्त काळं होतं का, असल्या पैजा. "चल कुतुबखान्यात, किताब काय म्हणती बघू." मास्तर लोकसुद्धा यायचे. काका पुस्तक काढून द्यायचे, दोघांच्या टोप्या एकीवर एक ठेवायचे आणि निकाल लागेपर्यंत कुणाला हलू द्यायचे नाहीत. तिथं जे ठरलं ते ठरलं. शहरात कुणाचं काहीही चालत असेल, त्या खोलीत खोटं चालत नाही, असा एक दरारा होता. त्याचाच पुढं घोर लागला.

एकदा हैदराबादेहून तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे बडे साहेब तपासणीला आले. डोक्यावर उंच लाल टोपी, गोंडा लोंबतोय. कुतुबखान्यात आले, एक पुस्तक मागितलं. काका अदबीनं म्हणाले, "हुजूर, टोपी." हेडमास्तरांना घाम फुटला. साहेबांनी एकदा काकांकडं बघितलं, एकदा फळीकडं, आणि उतरवली टोपी. तर काय! वरचे केस पांढरेफटक आणि कडेचे तेवढे मेंदी लावून लाल. टोपीबाहेर दिसतील तेवढेच रंगवलेले! मी खिडकीत पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. साहेब मात्र दिलदार, जाताना म्हणाले, "मोहतमिमसाहब, आपके यहाँ आदमी का सब कुछ खुल जाता है."

तेव्हा सगळे हसले. पुढं ते वाक्य मला फार वेळा आठवलं.

मला लिहा-वाचायची गोडी लावली ती काकांनीच. मी अंगणात भांडी घासताना खिडकीतनं फळ्यांवरच्या चिठ्ठ्या बघत बसायची. त्यांनी ते हेरलं. एक दिवस खिडकीत एक पुस्तक उभं केलं, झाडापानांच्या चित्रांचं. म्हणाले, "सूनबाई, चित्रं तर सगळ्या भाषांत सारखीच असतात. आधी ती बघा."

मी हात पुढं केला, तर पुस्तक मागं! "टोपी?"

"अहो काका, मी बाईमाणूस. पदर काढून देऊ की काय?"

"राम राम! तसं कुठं म्हणलो? पण जागा मोकळी कशी सोडू? असं काहीतरी द्या, की ज्याच्यावाचून संध्याकाळी तुमचं अडंल."

मी पळत आत गेले आणि भाजीची पळी आणून दिली. काकांनी ती नबातातच्या, म्हणजे झाडांच्या पुस्तकांच्या फळीवर बेतानं उभी केली. संध्याकाळी हे प्रयोगशाळेतून कुतुबखान्यात गेले, आणि बघतात तर शाळेच्या फळीवर घरची पळी! घरी येऊन म्हणाले, "आज भाजी कशानं वाढणार?" मी म्हटलं, "हातानं. अजून दोन पानं राहिलीत." हे आधी तापले, मग हसले. तेव्हापासून मास्तरीणबाईंची पळी फळीवर दिसली की पोरं म्हणायची, आज मास्तरांचा उपास. तशी मी एकेक अक्षर लावत उर्दू शिकले, मराठी पक्की केली. माझं कॉलेज म्हणाल तर ती खिडकी.

आमच्याकडं माझा दीर यशवंत शिकायला होता, मॅट्रिकला. हुशार, हट्टी, आणि कपड्यांचा वैरी. त्याची काळी टोपी आतून फाटली होती, तिला मी माझ्या चोळीच्या खणातलं उरलेलं ठिगळ लावून दिलं. हिरवा खण, लाल किनार. म्हणाला, "वैनी, टोपीला चोळी नेसवलीस की!" म्हटलं, "आत आहे ते. कोण बघतंय?"

मग दिवस फिरले. कधी फिरले ते नेमकं सांगता येणार नाही. दूध नासतं ते काय डोळ्यांदेखत नासतं? इंग्रज गेला म्हणून तिकडं पलीकडं दिवे लागले आणि आमच्याकडं काळजी लागली. संस्थान राहणार की जाणार, ह्याच्यावर लोक आधी मोठ्यानं बोलायचे, मग हळू बोलायला लागले, मग बोलेनासेच झाले. खाकी कपडे घातलेल्या पोरांच्या टोळ्या लेझीम खेळल्यासारख्या पाय आपटत रस्त्यानं जायच्या. बाजार दुपारीच मिटायचा. आसपासच्या गावांतून माणसं गाठोडी घेऊन यायची आणि नांदेडात न थांबता पुढं जायची. ते बघून जास्त भीती वाटायची.

मला ते फळ्यांवर दिसलं. आधी पांढऱ्या टोप्या गेल्या, कारण त्या घालून बाहेर पडायचीच चोरी. मग काही काळ्या गेल्या. ती घरं रातोरात नातेवाइकांकडं वऱ्हाडात निघून गेली. मग लाल टोप्याही येईनात. त्यांच्या आयांनाही भीती होतीच की. टोप्या जात राहिल्या आणि पुस्तकं जागेवर बसत राहिली. फळी भरली. कधी फट म्हणून दिसेना. मला आपलं वाटलं, किती नीटनेटकं दिसतंय. काका गजाला धरून म्हणाले, "सूनबाई, भरलेली फळी चांगली न्हाई. दातखीळ बसल्यासारखी वाटती मेलेल्या माणसाची."

त्याच सुमाराची गोष्ट. वकिलाचा सलीम म्हणून एक मुलगा होता. शाळेत असताना तबीइयातच्या, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या फळीवर त्याची टोपी इतकी असायची की काका म्हणायचे, हिचा इथं पाळणाच बांधतो. तो एक दिवस आला तो खाकी घालून, कमरेला पट्टा, डोक्यावर खाकीच टोपी. दुर्बिणीचं पुस्तक मागितलं.

काका म्हणाले, "टोपी ठेव, किताब ने."

"ये टोपी नहीं उतरती, मोहतमिमसाब."

"मग किताबबी उतरत न्हाई, बेटा."

दारात चपराशी उस्मान उभा होता, त्याचा हातातला झाडू तसाच राहिला. सलीम लाल झाला. "आपको मालूम है मैं कौन हूँ?"

"हाव. मला मालूम हाय. अंधारात पुस्तक घरी नेऊन सकाळी सगळ्यांच्या आधी दारात उभा राहायचा, तो तू. दुसरा कुणी असलास तर मला ठाऊक न्हाई."

सलीम वळला आणि गेला. पण जाताना त्यानं सगळ्या फळ्यांवरून एकदा नजर फिरवली. एकेका फळीवरून. त्या दिवशी तिथं एकही टोपी नव्हती, म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात तिथं एक टोपी आली. कीमियाच्या फळीवर. कीमिया म्हणजे केमिस्ट्री. काळी टोपी. यशवंतची.

मला वाटलं परीक्षेचं वाचतोय. त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही. सकाळी अंथरूण तसंच घडी घातलेलं. उशीखाली चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त त्याचा तांब्या आणि घोंगडी जागेवर नव्हती. ह्यांनी कुणाला न विचारताच ओळखलं. हदगावच्या वरून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. तिथं आपल्याकडच्या पोरांनी तळ टाकले होते, लढायला. आमचा यशवंत उघड्या डोक्यानं नदीपार गेला होता, आणि जाताना केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन गेला होता.

ते नुसतं पाठ्यपुस्तक नव्हतं. दारूगोळा कसा होतो, कशात काय मिसळल्यावर भडका उडतो, तेही त्यात होतं. थोड्याच दिवसांत बातमी आली की हदगावकडं एका करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, स्फोट झाला. ते यशवंतनं केलं की आणखी कुणी, देव जाणे. पण शहरात कुजबुज सुरू झाली की शिकलेल्या पोराचं काम आहे. आणि शिकलेलं पोरगं कुठं शिकतं? नांदेडात सायन्सचा कुतुबखाना एकच. तिथं कुठलं पुस्तक कुणाकडं, हे कळायला रजिस्टर लागत नाही, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत.

हे धावत काकांकडं गेले. मी खिडकीत. उस्मानही होता.

"काका, ती टोपी काढा. आत्ताच्या आत्ता."

"किताब आली का?"

"किताब कुठली येतीय! पोरगा नदीपार गेलाय. टोपी सापडली तर त्याचं नाव कळंल. नाव कळलं की आधी इथं आमच्या घरावर येतील. नंतर तो कधी परत आला तर त्याला जिता सोडणार न्हाईत."

काका खुर्चीतून उठले नाहीत. "मास्तर, मी टोपी काढली तर ती जागा काय म्हणंल? किताब कुणीच नेली न्हाई. आन् किताब तर न्हाई. म्हणजे जागा खोटी बोलंल. माझ्या फळीवर आजपतूर कुठली जागा खोटी बोलली न्हाई."

उस्माननं हात जोडले. "साब, लडके की जान का सवाल है. फळीला काय कळतं?"

"फळीलाच कळतं, उस्मान. बाहेर कुणाला काय कळून राहिलंय? सगळं शहर खोटं बोलायला लागलंय. एक ही खोली राहिलीय. ही गेली की मग..." पुढचं ते तेलुगूत बोलले.

ह्यांनी न राहवून टोपीला हात घातला. काका एवढंच म्हणाले, "मास्तर, हात मागं घ्या." आणि बघा, ह्यांनी घेतला. सख्ख्या भावासाठी गेलेला हात मागं घेतला! मला तेव्हा दोघांचाही संताप आला होता. आता एवढ्या वर्षांनी वाटतं, त्या माणसाचा शब्दच तसा होता. न मोडता येणारा.

हे गेल्यावर मी गजाशी पळी घेऊन गेले. रडत होते. म्हटलं, "काका, तिथं माझी पळी ठेवा. म्हणजे फट भरंल, तुमचा कायदाबी राहील."

त्यांनी पळीकडं बघितलं. पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले बघितले मी. म्हणाले, "पोरी, ती किताब तुझ्याकडं हाय का? न्हाई ना? मग पळी कशी ठेवू? किताब ज्याच्याकडं, टोपी त्याची. येईल यशवंत. त्याला ठाऊक हाय, त्याची टोपी इथं हाय. टोपीसाठी पोरगं परत येतंच."

सूनबाई म्हणायचे नेहमी. त्या दिवशी पोरी म्हणाले.

पुढच्या सकाळी घंटा व्हायच्या आधीच अमीन आला. अमीन म्हणजे आताचा फौजदार. बरोबर पोलीस, आणि त्यांच्या मागं सलीम. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. बुटांचे आवाज ऐकले आणि खिडकीशी गेले.

अमीन सरळ फळ्यांवरून बोट फिरवत निघाला. नबातात. तबीइयात. कीमिया. तिथं बोट थांबलं. भरलेल्या फळ्यांमध्ये ती एकच टोपी. लांबूनही दिसत होती.

"ये टोपी किसकी है?"

काका उभे होते. खोलीत हवा नसल्यासारखं झालं. दारात हे, त्यांच्यामागं उस्मान. ह्यांचा चेहरा राखेसारखा. मला वाटलं, आता काका खरं सांगणार. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

अमीननं टोपी उचलून उलटी केली. आतलं ठिगळ बघितलं. हिरवा खण, लाल किनार. "जनाना कपडा. किसी औरत के हाथ का काम है." आणि मान वर केली.

मी त्या खणाचीच चोळी घालून खिडकीत उभी होते. पदर ओढून घेतला, पण पाय जागचे हलेनात. सलीमची नजर खिडकीवर आली. माझ्यावर आली. थांबली. आणि खाली गेली.

तेवढ्यात काका म्हणाले, "ती माझी."

अमीन हसला. "आपकी? मोहतमिमसाब, घर में तो कोई औरत नहीं आपके."

"म्हणूनच. विधुराला सुई स्वतःच धरावी लागती, साहेब. कपडा बायकोच्या पेटीतला."

"और किताब?"

काकांनी फळीकडं बघितलं. त्या फटीकडं. मी त्या माणसाला पानाचा कोपरा दुमडला म्हणून पोराचा कान पिळताना बघितलंय. भिजलेलं पान पदराच्या वाऱ्यानं वाळवल्यासारखं उपरण्यानं वाळवताना बघितलंय. तो माणूस सगळ्यांच्या समोर म्हणाला, "जाळली."

"जलाई? क्यों?"

"वाचली. चांगली न्हाई वाटली. चुलीत घातली."

उस्मानच्या तोंडून हुंदका निघाला. हे दाराला धरून खाली बसले. काकांना ओळखणाऱ्या तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं की हे खोटं आहे, आणि सगळ्यांत जास्त कळलं होतं सलीमला. आता अमीन त्याच्याकडं वळला. "क्यों, तुम तो यहीं पढ़े हो. ये सच बोल रहे हैं?"

सलीमनं कीमियाच्या फळीवरच्या त्या फटीकडं बघितलं. मग म्हणाला, "मोहतमिमसाब यहाँ झूठ नहीं बोलते. सारा शहर जानता है."

झालं. सरकारी किताब जाळली, तिच्यात स्फोटाची माहिती होती, चला चौकीवर. काका म्हणाले, "चलतो. एवढं एक करू द्या." त्यांनी डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, हातानं सुरकुत्या काढल्या, घडी घातली आणि कीमियाच्या फळीवर त्या फटीत ठेवली. मग अमीनच्या हातातली यशवंतची टोपी घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली.

एक शिपाई तो रुमाल ओढायला गेला. सलीम पटकन म्हणाला, "रहने दो. किताब की जगह है."

काकांनी त्याच्याकडं बघून मान हलवली. तो शाळेत असताना पुस्तक परत आणून दिल्यावर हलवायचे, तशी.

त्यानंतर काकांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ह्यांनी कचेऱ्या पालथ्या घातल्या. कुणी म्हणालं औरंगाबादच्या तुरुंगात नेलं, कुणी म्हणालं हैदराबादेला. एकानं नुसतं आभाळाकडं बोट दाखवलं. हिंदुस्थानच्या फौजा आल्या, राज्य बदललं, तुरुंग उघडले, माणसं परत आली. त्यांच्यात काका नव्हते. सलीमही त्या धांदलीत कुठं गेला कुणास ठाऊक. त्याचं घर बंद होतं. ते दिवस त्या लोकांसाठीही चांगले नव्हते.

यशवंत आला. दाढी वाढलेली, पाय फुटलेले, आणि छातीशी घोंगडीत गुंडाळलेलं ते पुस्तक. एक पान फाटलेलं नव्हतं. अंगणातूनच म्हणाला, "वैनी, आधी कुतुबखान्यात जाऊन येतो, माझी टोपी तिथं हाय." त्याला काहीच माहीत नव्हतं. उस्माननं कुलूप काढलं. यशवंतनं पुस्तक आणलं, फळीजवळ गेला, आणि तिथं पांढरा रुमाल बघून त्याला कळलं. पुस्तक जागेवर ठेवायचं तर रुमाल उचलायला पाहिजे, आणि रुमाल उचलायचा तर ज्याचा त्याला द्यायला पाहिजे. तो पुस्तक छातीशी धरून तसाच उभा राहिला. शेवटी खाली बसला, आणि बसल्या जागी पोटाशी पुस्तक घेऊन रडला.

उस्माननं त्या फटीला हात लावला नाही. नवा लायब्ररियन येईपर्यंत पुस्तक आमच्या घरी आणि रुमाल फळीवर, असंच होतं. यशवंतनं पुढं जन्मभर टोपी घातली नाही. लोक विचारायचे, कोण गेलं? तो म्हणायचा, एक जण यायचे आहेत.

मी मात्र काकांना शेवटचं बघितलं ते त्या सकाळीच. त्यांना घेऊन निघाले ते आमच्या अंगणावरूनच, लिंबाखालच्या वाटेनं. पुढं एक शिपाई, मागं एक. एवढं मोठं डोकं, त्याच्यावर पोराची ती टीचभर टोपी. कलिंगडावर करंडीचं झाकण ठेवावं तशी. दुसऱ्या कुठल्या दिवशी कुणीही हसलं असतं. वारा सुटला होता. टोपी उडू नये म्हणून काकांनी एक हात डोक्यावर धरला होता. मी ओट्यावर चोळीवर पदर घट्ट ओढून उभी. जवळून जाताना त्यांनी थांबून माझ्याकडं बघितलं नाही, बघता येणार नव्हतं. नुसतं चालता चालता म्हणाले, पळी परत देताना रोज बोलायचे त्याच आवाजात,

"सूनबाई, किताब आली की सांगा. माझा रुमाल तिथं हाय."

आणि डोक्यावरचा हात न काढता वळणावरून दिसेनासे झाले.